शेंदराखालचं नाव

कागदावर हे प्रकरण चार पानांत मिटलं. माझ्या डोक्यात मात्र अजून उघडंच आहे. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून पनवेलला रिटायर झालो. खून पाहिले, दरोडे पाहिले, गाडीखाली आलेली माणसं गोळा केली. पण भाकरी गिळेनाशी झाली ती एका दगडापायी. नावं कोणाची लिहीत नाही. ज्यांचं लिहितो आहे त्यातले काही जिवंत आहेत.

रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. रविवारची हजेरी नुकतीच झाली होती आणि ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर मीच होतो. एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यानं अधू, हातात कापडी पिशवी. एसटीत ड्रायव्हर होते, समाजानं बेने इस्राएल. म्हणजे आपल्याकडचे ज्यू. पनवेल-उरणकडे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, बोलतात तुमच्याआमच्यासारखंच. आता त्यांची थोडी घरं उरलीत.

"माझ्या बायकोचा दगड चोरीला गेलाय," ते म्हणाले.

मला वाटलं पाटा-वरवंटा. मी म्हटलं, "काका, आता मिक्सर घ्या."

ते हसले नाहीत. "कबरीवरचा," म्हणाले.

अशी माझी सुरुवात. जीभ माझी पहिल्यापासून अशीच. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि लिहून घेतलं.

त्यांच्या कब्रस्तानात एका कोपऱ्यात कंपाउंडची भिंत बांधायचं काम निघालं होतं. जेसीबी फिरला, माती वरखाली झाली आणि त्या गडबडीत कडेच्या तीन कबरींचे काळे ग्रॅनाइटचे दगड बुडातून मोडून कोणी तरी नेले. तिघी बायका. तीन कबरी एका रांगेत, एकमेकींना चिकटून. जमीन सपाट झाली. रजिस्टरात कबरींची रांग लिहिलेली होती, रांगेत कोण कुठं ते नाही.

"मधली की शेवटची, मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली तिला. गुडघ्यामुळं दीड वर्ष मी तिकडं गेलो नाही. आता मुलगा मला इस्रायलला घेऊन चाललाय. पुढच्या रविवारी संध्याकाळचं विमान. घर विकलं, किल्ली दिली. जायच्या आधी तिच्याजवळ उभं राहून चार शब्द म्हणायचेत. कोणाजवळ उभा राहू? चव्वेचाळीस वर्षांचा संसार झाला हवालदारसाहेब, आणि नवऱ्याला ठाऊक नाही बायको कुठं आहे."

मग हळूच म्हणाले, "दगड नाही मिळाला तर मी जाणार नाही. मुलाला अजून बोललो नाही हे."

घर तर विकलेलं. जाणार नाही म्हणजे राहणार कुठं, हे मी विचारलं नाही.

जागेवर जाऊन पंचनामा केला. हातानं माती उकरली तर एक वीत खाली तिन्ही दगडांची मोडकी बुडं सापडली, जमिनीत घट्ट. मोडीची कड वाकडीतिकडी होती, प्रत्येकाची निराळी. मला बरं वाटलं. वरचा दगड मिळाला की त्याची मोड ज्या बुडाला बसेल, ती कबर तिची. मोडकं कुलूप आणि कोयंडा जसा जुळवतो तसं. पण त्यासाठी तोच दगड पाहिजे होता, आणि हातात सात दिवस.

आमच्या निरीक्षक साहेबांना वेगळीच काळजी. "कबरी फोडल्या अशी बातमी फुटली तर काय होईल, कळतंय ना? आधी बघा, दुसऱ्या कोणाच्या गेल्यात का. गाजावाजा नको."

म्हणून सोमवारपासून मी मसणवाटा हिंडू लागलो. इतकी वर्षं नोकरी केली, पण मेलेल्यांच्या खुणांकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ख्रिश्चनांच्या सिमेटरीत क्रॉस, त्यावर जन्म-मृत्यूच्या तारखा, कुठं फोटो. सगळं जागेवर. डोंगराकडच्या कातकरी वाडीवर गेलो. तिथं ओढ्याकाठी नुसते नदीतले गोटे रोवलेले. मी विचारलं, कोण कुठलं कसं ओळखता? एक बाई म्हणाली, "आपलं माणूस कोन इसरंल?" तिचं माझ्या मनाला लागलं, कारण आमचे काका विसरले होते आणि त्या एका गोष्टीनं खंगत होते.

मुसलमानांच्या कब्रस्तानात कबर खोदणारे एक चाचा होते. तिथं बऱ्याच कबरी कच्च्या, डोक्याशी साधा दगड आणि वर सब्जाचं झाड. मी म्हटलं, "चाचा, नाव का नाही लिहीत?"

"लिहितात काही काही. पण साहब, नाव वाचायला बसलाय तो वर. त्याला पाटी लागत नाही." मग खुरपं बाजूला ठेवून म्हणाले, "दोन-तीन महिन्यांपूर्वी एक टेम्पोवाला आला होता. बोलला, पुराने काले पत्थर हैं क्या, पैसे देतो. मी शिवी दिली तशी पळाला. निळा टेम्पो, पण एक दरवाजा पांढरा."

एवढी एकच खबर. पण निळ्या टेम्पोला पांढरा दरवाजा म्हणजे माणसाच्या तोंडावरच्या डागासारखा, लपत नाही. कळंबोलीपासून उरण फाट्यापर्यंत नाके पालथे घातले. मंगळवार गेला. बुधवारी दुपारी काकांचा फोन आला, "काही कळलं?" मी म्हटलं, "चालू आहे." ते म्हणाले, "मुलगा आलाय. बॅगा भरतोय." घरी बायको विचारायची, "सापडला का हो त्यांचा दगड?" चोऱ्यामाऱ्यांचं तिनं कधी विचारलं नव्हतं. ह्या एका दगडाचं रोज विचारायची.

गुरुवारी टेम्पो सापडला. न्हावा शेव्याच्या रस्त्याला ट्रेलरच्या रांगेमागे एका टपरीशी लावला होता. ड्रायव्हर तिशीतला, अंगानं किरकोळ. ठाण्यात आणून बसवला. काही माहीत नाही, म्हणाला.

नवीन पोरं म्हणतात, साहेब, दोन ठेवून द्या. मी तसं केलं नाही. माझा अनुभव असा, की चोराचं तोंड बघण्याआधी त्याची गाडी बघावी. ह्याच्या टेम्पोला पुढे लिंबू-मिरची, मागे लिंबू-मिरची, स्टेअरिंगला काळी बाहुली, दोन्ही मनगटांना नवा काळा दोरा. नजर लागू नये म्हणून माणूस एक लिंबू बांधतो. अशा पाच गोष्टी बांधतो तो कोणाला तरी भ्यालेला असतो.

मी चहा दिला आणि विचारलं, "कोणाला भितोस रे?"

"कोणाला नाय."

"मला भीत नाहीस ते दिसतंय. मग कोणाला?"

त्यानं कप खाली ठेवला. "साहेब, ती बाई..."

"कुठली बाई?"

"दगडावरची."

मग सगळं ओकला. तीन दगड उचलले. दोन एका पॉलिशवाल्याला दिले, त्यानं ते घासून, कापून किचन ओट्याला लावायला विकले. ते पुढे मिळाले नाहीत. कुठल्या तरी इमारतीत त्यांच्यावर आज कोथिंबीर चिरत असतील. तिसऱ्यावरची अक्षरं खोल होती, पॉलिशवाल्यानं परत केला. हा तो घेऊन दुसरीकडे निघाला तर एकाच वळणावर टेम्पो तीनदा बंद पडला. तेव्हा ह्यानं पहिल्यांदा दगडावरचं मराठीतलं नाव वाचलं.

"माझ्या आईचं पण तेच नाव हाय, साहेब. माझ्या अंगाला घाम फुटला. फेकायची छाती होईना. मंग तिथंच उंबराखाली उभा रोवला, नारळ फोडला आन्‌ माफी मागून पळालो."

त्यानं नाव सांगितलं. काकांच्या तक्रारीत मी लिहून घेतलेलं, तेच. "कुठलं वळण?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं आणि माझा चहा तसाच राहिला.

प्रकल्पात एक गाव उठलं होतं, त्यांना नवीन वसाहत दिलेली. आगरी मंडळी. त्या वसाहतीच्या फाट्यावर उंबराखाली दोन महिन्यांपूर्वी एक देव आला होता. शेंदूर माखलेला, वर पत्र्याचं छप्पर. मी रोज मोटरसायकलवरून जाताना त्याला हात जोडत होतो. त्या गुरुवारी सकाळी, दगड शोधायला निघताना, जोडला होता. आज तरी यश दे म्हटलं होतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. "कायद्यानं तो चोरीचा मुद्देमाल आहे," म्हणाले. "पण उद्या आपण फौज घेऊन गेलो आणि पोलिसांनी गावाचा देव उपटला असा एक व्हिडिओ बाहेर पडला, तर मी नोकरी करायची कुठं आणि तुम्ही पेन्शन घ्यायची कुठं? तुम्ही जा. साध्या कपड्यात. बोला."

गुरुवारी संध्याकाळीच गेलो. चप्पल काढली, नारळ ठेवला, पाया पडल्यासारखं करून शेंदरावरून बोट फिरवलं. शेंदराचा थर जाड होता, पण बोटाला खाच लागली. वर सहा टोकांची चांदणी. खाली त्यांची लिपी असावी, ती मला कळली नाही. त्याखाली एक काना लागला, एक वेलांटी लागली. तीच होती.

"काय चाचपतंय रं?"

मागे एक म्हातारी. हिरवं नऊवारी, कपाळ मोकळं, हातात खराटा. ह्या देवाचं सगळं तिच्याकडेच, हे मला माहीत होतं. मी पोलीस असल्याचं सांगितलं आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. फिरवून बोलणं मला जमत नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमचा वेताळ भरावाखाली गेला. वीस फूट माती त्याच्यावर. आमी रडलो, कुनी इचारला नाय. मंग ह्यो आपल्या पायानं आला. माझा पोरगा ट्रेलरखाली येता येता वाचला, त्या दिवशी मी ह्यालाच सांगितला व्हता. आन्‌ तू म्हन्तंस, थडगा हाय?"

"थडग्याचा दगड आहे, आजी. त्यावर एका बाईचं नाव आहे. तिच्या नवऱ्याला रविवारी जायचंय."

"मी देव देनार नाय. देवालाच इचारू. कौल लावू उद्या. त्यालाच आन."

आता वाचणाऱ्यांना सांगतो. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओले तांदूळ चिकटवतात आणि विचारतात. उजवे पडले तर हो, डावे पडले तर नाही. ही आमची कोकणातली चाल. माझ्या एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही गुन्ह्याचा तपास तांदळाच्या दाण्यावर येऊन ठेपला नव्हता. रात्रभर डोळा लागला नाही. डावे पडले तर? तर साहेब म्हणणार बळ वापरा, किंवा म्हणणार सोडून द्या. दोन्ही मला नको होतं.

शुक्रवारी दुपारी काकांना रिक्षातून आणलं. त्यांना सूर्य मावळायच्या आत मुक्कामी परत जायचं होतं, तेव्हापासून त्यांचा पाळायचा शनिवार लागतो. फाट्यावर शंभरेक माणूस जमलेलं. पोरांच्या हातात मोबाईल. एक जण ओरडला, "देवाला हात लावला तर बघून घेऊ!" मी काकांच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

काकांनी दगड पाहिला. लाल माखलेला, पुढे दारूची क्वार्टर, सुकं बोंबील आणि पेटती बिडी खोचलेली. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हा माणूस कोसळतोय.

म्हातारीनं तांदूळ चिकटवले. "देवा, तुला न्यायला आलेत. जायाचा असंल तर उजवा दे." माशी बसली तरी दिसेल इतकं मी डोळे ताणून बघत होतो. पाच मिनिटं गेली, सात गेली. आणि डावे पडले.

लोकांनी ओरड केली, घंटा वाजवली. मी काकांचा दंड धरला. तर ते बिडीकडे बोट दाखवून म्हातारीला म्हणाले, "आजी, ही बिडी कशाला?"

"वेताळाला लागतंय. बाप्या देव हाय."

"बाप्या?" काका एकदम हसायला लागले. डोळ्यांतून पाणी, तरी हसतात. "अहो, माझी बायको आहे ती! आयुष्यभर माझ्या बिडीवरून मला शिव्या दिल्या तिनं. घरात ओढू दिली नाही, गॅलरीत उभं करायची. आणि तुम्ही तिच्या तोंडाशी बिडी पेटवता? दोन महिने? अहो, ती तुम्हाला हो कशी म्हणेल!"

गर्दीत कोणी तरी फिसकन हसलं. म्हातारी गोंधळली. "बाय हाय?"

"मी कालच सांगितलं होतं, आजी," मी म्हटलं.

"तू थडगा बोललास. मी थडग्यालाच बसले." ती काकांकडे वळली. "नवऱ्याच्या आदी गेली? सवाष्ण?"

"हो."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "आगं माजे बाय! सवाष्ण बाय आन्‌ आमी तिला बाप्या करून बसलो. दारू पाजली, बोंबील दिला. चुकीच्या मानसाला इचारला, मंग कौल खरा कसा येल?" मग वसाहतीकडे तोंड करून ओरडली, "अगो पोरींनो, खण आना, नारळ आना, हलद-कुंकू आना! ती बाटली उचल रं आदी, लाज नाय वाटत?"

बायका धावल्या. मघाशी धमकी देणाऱ्या पोरानंच क्वार्टर उचलली आणि पाठीमागे लपवली. तिची ओटी भरायचं ठरलं.

काका मला कानात म्हणाले, "आमच्यात हे चालत नाही. दगडाला हात जोडत नाही आम्ही. मी काय करू?"

मग ते स्वतःच म्हणाले, "मी रस्त्याकडे तोंड करतो. बायका बायकांचं काय करतात ते करू देत." आणि पाठ फिरवून, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

सहा-सात बायकांनी दगडापुढे खण, तांदूळ, नारळ ठेवला. म्हातारी दगडाशी वाकून हळू बोलली, जशी शेजारणीशी बोलावी तशी, "बाय, चुकला आमचा. तुजा घोव आलाय न्यायला. जातीस का ऱ्हातीस?" आणि पुन्हा तांदूळ चिकटवले.

ऊन कलायला लागलं होतं. मी एकदा सूर्याकडे बघायचो, एकदा दाण्यांकडे.

"पडलं का?" काकांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"नाही अजून."

"ती कुठं जायची म्हणजे वेळच लावायची," ते म्हणाले.

उजवे पडले.

कोणी ओरडलं नाही. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, "उचला. पन आडवी नका घालू, बसवून न्या." पोरांनी खड्डा मोकळा केला आणि त्यांनीच दगड आम्ही भाड्यानं आणलेल्या टेम्पोत चढवला. उंबराखालची जागा रिकामी दिसली तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं. आम्ही एकाला न्याय दिला तो दुसऱ्याकडून काही तरी घेऊनच दिला, हे तिथं उभं राहून कळतं, कागदावर कळत नाही.

मुद्देमाल ठाण्यात नेण्याआधी दोन पंचांसमक्ष थेट कब्रस्तानात नेला. पहिल्या बुडाला मोड बसली नाही. मधल्याला बसली नाही. शेवटच्याला लावला आणि कड कडेत अशी गेली, की मध्ये नख शिरेना. काका खाली वाकायला लागले, गुडघा वाकेना, तेव्हा मी त्यांना धरून मातीत बसवलं. मी आणि पंच बाजूला झालो. त्यांचे शब्द मला ऐकू आले, कळले नाहीत. एकच गोष्ट मराठीत म्हणाले, "शेवटचीच होतीस होय. मला मधली वाटत होती."

रविवारी ते गेले. दगड कोर्टाच्या हुकमापर्यंत आमच्या मुद्देमाल खोलीत राहिला. पुढे सुपूर्तनाम्यावर त्यांच्या समाजाला मिळाला आणि जागेवर बसला. टेम्पोवाल्याला शिक्षा झाली.

ह्या केसनं मला शिकवलं ते हे, की प्रश्न बरोबर असून चालत नाही, ज्याला विचारतो तो कोण आहे हे आधी माहीत पाहिजे. दगडाला वस्तू समजून मी आठवडाभर पळालो. अडाणी म्हातारीनं ती बाई आहे म्हटल्यावर तिची माफी मागितली, आणि काम झालं. आरोपी, साक्षीदार, घरचं माणूस, सगळ्यांना हेच लागू. मला ते उशिरा कळलं. माझी बायको ताप आहे म्हणायची तेव्हा मी गोळी घे म्हणायचो, जसा तक्रारदाराला अर्ज दे म्हणतो. माणूस कोण बोलतंय हे बघितलं नाही. मागच्या वर्षी ती गेली.

काकांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, पण ती गेल्याचं मी सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"गेली," मी म्हटलं.

पलीकडे त्यांनी कोणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, "कुठं ठेवलीत?"

"आमच्यात ठेवत नाहीत, काका. जाळतात. राख खाडीत सोडली."

"म्हणजे दगड नाही?"

"नाही."

"मग तुम्ही बसता कुठं?"

तपासात आरोपीला असा प्रश्न विचारला असता तर त्यानं लगेच कबुली दिली असती. मीही दिली. म्हटलं, "तुमच्याच बाईंजवळ. आठवड्यातून दोनदा जातो. शेवटची कबर आहे, बाजूला जागा आहे. वॉचमन काही बोलत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बसा," ते म्हणाले. "सकाळी जात जा. दुपारी तिथं ऊन फार लागतं."